क्लोव्हिसचा बाप्तिस्मा : फ्रँकांचे राज्य टिकले ते पंथामुळे की भूगोलामुळे?

दूरदेशी (धागाकर्ता)

इसवी सन ४७६ मध्ये ओडोआकर या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरवयाच्या सम्राटाला पदच्युत केले आणि पश्चिम रोमन साम्राज्याची उरलीसुरली औपचारिकताही संपली. त्याच्या आगेमागे साम्राज्याच्या भूमीवर जर्मानिक लोकांची पाच मोठी राज्ये उभी राहिली : उत्तर आफ्रिकेत व्हँडलांचे, नैऋत्य गॉल (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) व स्पेनमध्ये व्हिसिगॉथांचे, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात बर्गंडियनांचे, ४९३ पासून इटलीत ऑस्ट्रोगॉथांचे आणि उत्तर गॉलमध्ये फ्रँकांचे. व्हँडलांचे राज्य ५३४ मध्ये बुडाले, बर्गंडियनांचेही त्याच वर्षी, ऑस्ट्रोगॉथांचे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आणि व्हिसिगॉथांचे ७११ मध्ये. आठव्या शतकाच्या मध्यावर पाहिले तर या पाचांपैकी एकटे फ्रँक राज्य उरले होते, आणि पश्चिम युरोपात कोणी कुठे राज्य करायचे, हे बहुतांशी तेच ठरवत होते. असे का झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे मत आधीच स्पष्ट मांडतो. फ्रँकांच्या क्लोव्हिस राजाने कोणत्या पंथाचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला, यात या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर दडलेले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचे म्हणणे होते की पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ च्या नायसिया परिषदेने हे मत पाखंड ठरवले. तरीही पुढे काही दशके दरबाराची मर्जी एरियसच्या मताच्या जवळ जाणाऱ्या पक्षावरच होती. उल्फिला हा गॉथांचा बिशप झाला तो नेमका त्या काळात. त्याने गॉथिक भाषेत बायबल आणले आणि गॉथांमध्ये जो ख्रिस्ती धर्म रुजला तो याच वळणाचा होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर साम्राज्य नायसियाच्या श्रद्धेवर पक्के झाले. गॉथ मात्र जिथे होते तिथेच राहिले, आणि त्यांच्याकडून तो पंथ व्हँडल व बर्गंडियनांकडे गेला. (आर्य वंशाशी या एरियन पंथाचा काडीचाही संबंध नाही, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) परिणामी पाचव्या शतकाच्या अखेरीस चित्र असे होते की राजा आणि त्याचे सैन्य एरियन, तर कर भरणारी, शेती करणारी, शहरांत राहणारी रोमन प्रजा आणि तिचे बिशप नायसीन, म्हणजे नायसियाची श्रद्धा मानणारे.

या बिशपांचे महत्त्व आपल्या सहज लक्षात येत नाही. रोमन प्रांताधिकारी गेले, महसुलाची यंत्रणा मोडकळीला आली, पण प्रत्येक शहरात बिशप होता; तो बहुधा जुन्या सरदार घराण्यातला असे, दुष्काळात धान्य वाटे, युद्धकैद्यांना खंडणी भरून सोडवी आणि तंटे मिटवी. क्लोव्हिस गादीवर आला तेव्हा रीम्सचा बिशप रेमिजियस याने त्या मूर्तिपूजक तरुणाला पत्र लिहून बजावले होते की तुझ्या धर्मगुरूंचा सल्ला घेत जा, त्यांच्याशी तुझे जमले तर तुझा प्रांत अधिक स्थिर राहील. क्लोव्हिसने हे जाणले. तो एरियन पंथाच्या वाटेला न जाता थेट नायसीन श्रद्धेत आला, ५०७ मध्ये व्हुये येथे व्हिसिगॉथ राजा अलारिक दुसरा याला ठार करून त्याने आक्विटेन (नैऋत्य गॉल) घेतले, आणि ५११ मध्ये ऑर्लेआँ येथे ३२ बिशपांची परिषद भरवली. तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो की त्या काळी गॉलमधील पुष्कळांना फ्रँकांचे राज्य यावे अशी मनापासून इच्छा होती, आणि याच संशयावरून रोदेझचा बिशप क्विंटियानस याला शहर सोडून पळावे लागले. जिंकलेला प्रदेश राजाला आपला मानतो की परका, यावर राज्याचे आयुष्य ठरते. एरियन राजे पिढ्यानपिढ्या आपल्याच प्रजेत पाहुणे राहिले. क्लोव्हिस राहिला नाही.

ताम्रपट

मांडणी नेटकी आहे, पण ती पुराव्याच्या कसोटीवर उतरत नाही, आणि नेमक्या व्हुयेच्याच लढाईपाशी ती कोसळते.

ज्या ग्रेगरीचा दाखला दूरदेशी यांनी दिला, तोच ग्रेगरी त्याच लढाईच्या वर्णनात सांगतो की ओव्हर्न प्रांतातून अपोलिनारिसच्या नेतृत्वाखाली मोठा जमाव आला होता आणि त्यांतले सिनेटर घराण्यांतले प्रमुख पुरुष तिथे पडले. हा अपोलिनारिस म्हणजे क्लेर्माँचा बिशप सिडोनियस याचा मुलगा. ही माणसे कोणाच्या बाजूने लढत होती? एरियन अलारिकच्या! गॉलमधल्या सर्वांत जुन्या नायसीन घराण्यांपैकी एकाचा वारस, ज्याच्या बापाने गॉथांविरुद्ध आपले शहर लढवले होते, तो गॉथ राजासाठी रक्त सांडायला आला. आणि क्लोव्हिसच्या बाजूने या मोहिमेत कोण होते? बर्गंडियनांचा राजा गुंडोबाड, जो स्वतः एरियन होता. एका बाजूला एरियन राजासाठी लढणारे नायसीन सरदार आणि दुसऱ्या बाजूला नायसीन राजाचा एरियन मित्र, अशा लढाईला धर्मयुद्ध म्हणायचे तर शब्दांचा अर्थच बदलावा लागेल.

अलारिकबद्दल आणखी एक. लढाईच्या आदल्या वर्षी, ५०६ मध्ये, त्याच्याच परवानगीने आर्लचा बिशप सिझेरियस याच्या अध्यक्षतेखाली आग्द येथे नायसीन बिशपांची परिषद भरली आणि तिच्या प्रास्ताविकात बिशपांनी जमिनीवर गुडघे टेकून राजाच्या राज्यासाठी व दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केल्याची नोंद आहे. त्याच वर्षी अलारिकने आपल्या रोमन प्रजेसाठी रोमन कायद्याचे संक्षिप्त संकलन जाहीर केले. हा राजा प्रजेत पाहुणा नव्हता. लढाई हरला, एवढाच त्याचा दोष.

मग राज्ये बुडाली कशाने? प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि बहुतेक ठिकाणी ते लष्करी आहे. व्हँडलांना बुडवले ते पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीहून, कॉन्स्टँटिनोपलहून, आलेल्या आरमाराने. त्या साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस सुमारे १५,००० सैन्य घेऊन उतरला तेव्हा व्हँडल राजा गेलिमेर याचे १२० जहाजांचे आरमार आणि ५,००० निवडक लढवय्ये सार्डिनियातले बंड मोडायला गेले होते. ऑस्ट्रोगॉथांना बुडवले ते हे आरमार पाठवणाऱ्याच जस्टिनियन सम्राटाने, तेही ५३५ पासून जवळजवळ दोन दशके लढून. बर्गंडियनांचा राजा सिगिस्मुंड तर दूरदेशी यांच्या मते योग्य ठरणाऱ्या पंथातच आला होता. त्याने आगाऊन येथे मठ स्थापला, पुढे तो संत मानला गेला. तरीही क्लोव्हिसच्या मुलाने, क्लोडोमेरने, त्याला बायकामुलांसह विहिरीत टाकले आणि दहा वर्षांत त्याचे राज्य फ्रँकांनी गिळले. योग्य पंथाने त्याला काय दिले?

फ्रँकांचे भाग्य नकाशात होते. कार्थेज, रॅव्हेना, नेपल्स या ठिकाणी पूर्वेचे आरमार पोहोचू शकत होते. सेन नदीच्या खोऱ्यात ते पोहोचणे जस्टिनियनच्या आवाक्याबाहेर होते. शिवाय पाठीमागे ऱ्हाइनपलीकडून नव्या माणसांचा ओघ होता. क्लोव्हिसचा बाप शिल्डेरिक याची कबर १६५३ मध्ये तूर्ने येथे सापडली, तिच्यातील वस्तू पाहाव्यात : रोमन सेनाधिकारी झगा अडकवायला वापरत तशी सोन्याची पिन, राजाचे नाव कोरलेली मोहरेची अंगठी, तिच्यावर लांब केस सोडलेला आणि हातात भाला धरलेला पुरुष, आणि जवळच बळी दिलेल्या घोड्यांचे खड्डे. रोमन सेनाधिकारी आणि मूर्तिपूजक राजा एकाच देहात सुखाने नांदत होते. फ्रँकांचा गॉलवरचा दावा बाप्तिस्म्याच्या एक पिढी आधीच उभा राहिला होता, आणि तो तलवारीवर उभा होता.

मीमांसक

दोन्ही बाजू ग्रेगरीच्या साक्षीवर लढत आहेत, म्हणून त्या साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक आहे.

ग्रेगरी ५७३ मध्ये तूरचा बिशप झाला, म्हणजे क्लोव्हिसच्या मृत्यूनंतर साठहून अधिक वर्षांनी. त्याने रंगवलेला क्लोव्हिस कॉन्स्टँटाइनच्या साच्यातून काढलेला आहे, आणि हे तो लपवतही नाही : बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे राजा ‘नवा कॉन्स्टँटाइन’ म्हणून गेला, असे तोच लिहितो. हरत चाललेली लढाई, ख्रिस्ती राणीच्या देवाला घातलेले साकडे, शत्रूची अचानक पळापळ, हे सगळे कथानक ओळखीचे आहे. सैन्यातील ३,००० हून अधिक लोकांनी राजाबरोबर बाप्तिस्मा घेतला, असे तो सांगतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील ग्रंथात पेन्टेकॉस्टच्या दिवशी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्याही सुमारे तीन हजारच आहे. ‘जे जाळलेस त्याची पूजा कर, जे पूजिलेस ते जाळ’ हे रेमिजियसच्या तोंडचे वाक्य कितीही प्रसिद्ध असले तरी ते ग्रेगरीच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहे.

समकालीन पुरावा म्हणावा असा एकच मोठा दस्तऐवज आहे, तो म्हणजे व्हिएनचा बिशप ॲव्हिटस याने क्लोव्हिसला लिहिलेले अभिनंदनाचे पत्र. बाप्तिस्मा नाताळच्या दिवशी झाला हे त्यातूनच कळते. वर्ष मात्र त्यात नाही. परंपरेने ४९६ धरले जाते, काही अभ्यासक ४९८ किंवा ४९९ मानतात, आणि ५०८ मानणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे, कारण पत्रात नुकत्याच बंधमुक्त झालेल्या एका प्रजेचा उल्लेख आहे आणि तो आक्विटेनच्या लोकांना चांगला लागू पडतो. शिवाय ट्रियरचा बिशप निसेटियस याने क्लोव्हिसची नात क्लोडोस्विंथा हिला लिहिलेल्या पत्रात, राजाने संत मार्टिनच्या समाधीपाशी जाऊन आल्यावर बाप्तिस्म्याचे वचन दिले असे म्हटले आहे. आणि ती समाधी ज्या तूरमध्ये आहे ते शहर ५०७ पर्यंत गॉथांच्या अमलाखाली होते. हे वर्ष खरे मानले तर दूरदेशी यांच्या मांडणीतील क्रमच उलटतो. बाप्तिस्म्यामुळे आक्विटेन मिळाले नाही, तर आक्विटेन मिळाल्यावर बाप्तिस्मा झाला.

ताम्रपट यांनाही एक प्रश्न आहे. पंथ इतका बिनमहत्त्वाचा होता, तर क्लोव्हिसने निवड करण्याची तसदी का घेतली? एरियन पर्याय त्याच्या घरातच होता. त्याची एक बहीण लांटेशिल्ड एरियन झालेली होती आणि भावाबरोबरच तिने पंथ बदलला, हे ग्रेगरीच सांगतो. दुसरी बहीण औडोफ्लेडा ही इटलीच्या थिओडोरिक राजाची राणी होती. त्या काळच्या राजेलोकांत एरियन असणे हीच प्रतिष्ठेची रीत होती आणि थिओडोरिकने लग्नसंबंधांचे जे जाळे विणले होते, त्यात क्लोव्हिसला मानाची जागा ठेवलेली होती. ती नाकारणे हा विचारपूर्वक केलेला निर्णय होता आणि त्याला कारण असले पाहिजे.

साधा वाचक

एक शंका विचारतो. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे की वेगळ्या, या वादाशी गॉलमधल्या नांगर धरणाऱ्या माणसाचे काय देणेघेणे होते? आपण सर्वजण राजे आणि बिशप यांच्याविषयीच बोलत आहोत. ज्यांना आपण ‘प्रजा’ म्हणतो त्यांना हा फरक तरी कळत होता का, आणि नसल्यास एरियन राजा त्यांना परका वाटण्याचे कारण काय?

दूरदेशी

आधी साधा वाचक यांच्या शंकेचे उत्तर देतो, कारण माझा मूळ मुद्दा त्यातूनच अधिक स्पष्ट होईल. खेड्यातल्या माणसाला तत्त्वचर्चा कळत नव्हती, हे मान्य आहे. सिझेरियसची प्रवचने वाचली तर दिसते की सहाव्या शतकातही आर्लच्या परिसरात लोक गुरुवारी ज्युपिटर देवासाठी काम बंद ठेवत होते आणि बिशप त्यांना त्याबद्दल फैलावर घेत होता. पण कोणत्या देवळात जायचे, मूल कोणाच्या हातून न्हाऊन निघायचे, मेलेल्याला कुठे पुरायचे आणि सणाच्या दिवशी दिवे कोणी लावायचे, हे प्रत्येकाला कळते. ५३३ च्या सप्टेंबरात बेलिसारियस कार्थेजच्या वेशीपाशी आला, ती संत सिप्रियनच्या सणाची पूर्वसंध्या होती. व्हँडलांनी हिसकावून घेतलेल्या त्या संताच्या चर्चमध्ये एरियन धर्मगुरूंनी झाडलोट केली होती, दिवे टांगले होते, भांडारातून मौल्यवान वस्तू काढून मांडल्या होत्या. लढाईची बातमी आली तसे ते पळाले, आणि त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की नायसीन लोकांनी आत शिरून त्यांनीच सजवलेले दिवे लावले आणि सण साजरा केला. शहराचे दरवाजे उघडे होते, रात्रभर दिवे जळत होते. व्हँडलांसाठी एकाही रोमन शहराने प्रतिकार केला नाही. ताम्रपट म्हणतात आरमाराने राज्य बुडवले. आरमार १५,००० माणसे उतरवू शकते. एवढा प्रांत काही महिन्यांत शांतपणे हाती येतो तो मात्र प्रजेने राजाची बाजू सोडलेली असते तेव्हाच. व्हँडल राजा हुनेरिक याने ४८४ मध्ये रोमन सम्राटांचे पाखंड्यांविरुद्धचे कायदे उलटे फिरवून नायसीन बिशपांवरच लावले होते, शेकडोंना हद्दपार केले होते. ते लोक विसरले नव्हते.

ओव्हर्नच्या सरदारांविषयी : ते लढले हे खरे, आणि ती माहिती माझ्या बाजूला अडचणीची आहे हेही खरे. परंतु त्याच अलारिकने त्याआधी सिझेरियसला संशयावरून बोर्दोला हद्दपार केले होते आणि तूरच्या दोन बिशपांना गॉथांनी एकापाठोपाठ हाकलले होते. जो राजा परिषदेला परवानगी देतो आणि बिशपांना हद्दपारही करतो, त्याला त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता, हे उघड आहे. क्लोव्हिसला असे करावे लागले नाही.

मीमांसक यांचे ५०८ हे वर्ष मी तात्पुरते स्वीकारतो. त्याने माझे फारसे बिघडत नाही. लढाई जिंकणे आणि जिंकलेले सांभाळणे ही दोन कामे आहेत. माझा दावा दुसऱ्याविषयी आहे.

रेवा

कार्थेजचे उदाहरण सगळ्या एरियन राज्यांना लावता येणार नाही. इटलीचे काय?

थिओडोरिकने रोमनांची कत्तल करून राज्य केले नाही. ज्या ओडोआकरला त्याने ४९३ मध्ये मेजवानीत स्वतःच्या हाताने कापले तो एक अपवाद सोडला, तर तीस वर्षे त्याने रोमन कायदा, रोमन सिनेट आणि रोमन अधिकारी तसेच चालू ठेवले. पोपच्या निवडणुकीत सिमॅकस आणि लॉरेंटियस यांच्यात तंटा झाला, तेव्हा दोन्ही पक्ष निवाड्यासाठी या एरियन राजाकडे गेले. त्याचा रोमन अधिकारी कॅसिओडोरस याने त्याच्या नावाने जेनोआच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात, धर्म हुकमाने लादता येत नाही, कारण मनाविरुद्ध श्रद्धा ठेवायला कोणालाही भाग पाडता येत नाही, अशा अर्थाचे वाक्य आहे. त्या शतकातल्या कोणत्याही नायसीन राजाने असे काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ५३६ मध्ये बेलिसारियस नेपल्सला आला तेव्हा नागरिकांनी दरवाजे उघडले नाहीत, वेढा सोसला, आणि तिथल्या ज्यूंनी गॉथांच्या बाजूने शेवटपर्यंत तटबंदी लढवली.

मग एरियन राजे ‘परके’ होते ही समजूत आली कुठून? रॅव्हेनाला सांत’अपोलिनारे नुओवो हे थिओडोरिकने बांधलेले चर्च आहे. त्याच्या भिंतीवर दाराजवळ राजवाड्याचे मोझॅक आहे, खांबांच्या कमानींमध्ये पांढरे पडदे आहेत. नीट पाहिले तर काही खांबांवर मनगटापासून तुटलेले हात दिसतात. मूळ चित्रात कमानींखाली माणसे उभी होती, बहुधा थिओडोरिकच्या दरबारातली. साम्राज्याने शहर घेतल्यावर सहाव्या शतकाच्या मध्याला बिशप अग्नेलस याच्या काळात चर्च नायसीन झाले, आकृत्या उखडून त्यांच्या जागी पडदे बसवले गेले, पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले. आपण वाचतो तो इतिहास पडदे बसवणाऱ्यांनी लिहिलेला आहे. गॉथिक बायबलची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या व सोन्याच्या शाईने लिहिलेली प्रत आज स्वीडनमधल्या उप्साला येथे आहे. एरियन गॉथांनी स्वतःविषयी, स्वतःच्या भाषेत लिहिलेला सलग इतिहास मात्र एकही नाही.

हे म्हटल्यावरही दूरदेशी यांना मी अर्धा हात देते. थिओडोरिकची व्यवस्था दोन समाज वेगळे ठेवण्यावर उभी होती : गॉथांनी लढायचे, रोमनांनी कारभार करायचा, आणि वेगळा पंथ ही त्या दोहोंमधली भिंत. राजा समर्थ होता तोवर ती भिंत शिस्त राखत होती. ५२३ नंतर पूर्वेकडे एरियनांवर निर्बंध आले, रोमन तत्त्वज्ञ व अधिकारी बोएथियस याला मृत्युदंड झाला, पोप जॉन पहिला ५२६ मध्ये कैदेत वारला, आणि मग त्याच भिंतीच्या दोन बाजूंना दोन संशयी छावण्या तयार झाल्या. पंथामुळे राज्य बुडाले नाही, पण आणीबाणीत दोघांनी एकत्र येण्याची सोय राहिली नाही.

ताम्रपट

रेवा यांच्या भिंतीच्या मुद्द्यावर स्पेनचे उदाहरण उद्बोधक आहे. रोमन आणि गॉथ यांच्यातील विवाहावरची जुनी बंदी उठवली ती लिओव्हिगिल्ड राजाने, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि तो शेवटपर्यंत एरियन होता. म्हणजे सरदारांची घराणी एकमेकांत मिसळू लागली ती पंथ बदलण्याच्या आधीच. त्याचा मुलगा रेकारेड याने ५८७ मध्ये नायसीन पंथ घेतला, ५८९ मध्ये तोलेदोच्या तिसऱ्या परिषदेत सगळ्या राज्याचे पंथांतर जाहीर झाले. दूरदेशी यांच्या सूत्राप्रमाणे इथून पुढे राज्य भक्कम व्हायला हवे होते. प्रत्यक्षात रेकारेडचा मुलगा गादीवर आल्यापासून दोन वर्षांत पदच्युत होऊन मारला गेला आणि राजांना खाली खेचण्याची ही खोड इतकी पाचवीला पुजलेली होती की फ्रँक इतिवृत्तकाराने तिला ‘गॉथांचा रोग’ असे नाव दिले. परिषदांमागून परिषदा झाल्या, बिशपांनी राजद्रोह्यांना शाप दिले, राजांना पवित्र तेलाचा अभिषेक सुरू झाला. ७११ मध्ये एका लढाईत सगळे आटोपले.

इटलीत नंतर आलेल्या लोम्बार्ड या जर्मानिक लोकांचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. आठव्या शतकापर्यंत ते पुरते नायसीन झाले होते. तरीही पोप स्टीफन दुसरा ७५३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आल्प्स ओलांडून फ्रँकांकडे गेला, ७५४ मध्ये सेंट-डेनिस येथे त्याने फ्रँकांचा राजा पिपिन याला अभिषेक केला आणि लोम्बार्डांविरुद्ध सैन्य मागितले. दोघेही एकाच श्रद्धेचे असताना पोपने निवडले ते ज्याचे सैन्य मोठे होते त्याला. ७७४ मध्ये पिपिनचा मुलगा शार्लमेन याने लोम्बार्डांचा मुकुट घेतला.

दूरदेशी

लिओव्हिगिल्डचे अर्धेच सांगितले गेले. त्यानेच ५८० मध्ये तोलेदो येथे एरियन बिशपांची परिषद भरवून ठरवले की नायसीनांना एरियन व्हायचे असेल तर पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची गरज नाही. इतका खटाटोप त्याने केला, कारण विवाहाची बंदी उठवून भागत नाही, हे त्याला कळले होते. त्याचा स्वतःचा मुलगा हर्मेनेगिल्ड आदल्याच वर्षी बंड करून उठला होता आणि पुढे नायसीन झाला. दहा वर्षांच्या आत धाकट्या मुलाने बापाचे धोरण उलटे केले. एकच पंथ हवा, याविषयी बापलेकांत मतभेद नव्हता. कोणता पंथ चालेल, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर संख्येने दिले.

५११ च्या ऑर्लेआँ परिषदेचे ठराव ताम्रपट यांनी पाहावेत. राजाच्या आज्ञेशिवाय किंवा त्याच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणा सामान्य माणसाला धर्मगुरू करू नये. राजाने दिलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्चची डागडुजी, धर्मगुरू व गरिबांचे पोषण आणि कैद्यांची सुटका यांवर खर्च व्हावे. गॉथांचे धर्मगुरू मनापासून परत येत असतील तर बिशपांनी त्यांना सामावून घ्यावे आणि गॉथांची चर्चे पुन्हा पवित्र करून वापरावीत. आक्विटेन जिंकून चार वर्षेही झाली नव्हती, तेवढ्यात माणसे, जमिनी आणि इमारती राज्याच्या घडीत बसत होत्या. थिओडोरिकला पोपच्या निवडणुकीचा निवाडा करता आला, पण आपल्या नावाने बिशपांना बोलावून, विषय ठरवून देऊन त्यांच्याकडून असे ठराव करून घेणे त्याला शक्य नव्हते, कारण तो त्या चर्चचा सभासदच नव्हता. जस्टिनियनपासून फ्रँकांना भूगोलाने वाचवले, हे मी नाकारत नाही. पण क्लोव्हिस त्याच वर्षी मेला, राज्य चार मुलांत वाटले गेले, भावाभावांनी पुतण्यांचे गळे कापले, आणि तरीही गॉल फुटून पुन्हा रोमन किंवा गॉथ झाले नाही. ते भूगोलाने झाले का?

ताम्रपट

ठराव मी पाहिले आहेत, आणि ठरावांखालच्या सह्याही. ऑर्लेआँच्या सह्यांमध्ये बोर्दोचा बिशप सिप्रियन आहे, बूर्जचा बिशप टेट्राडियस आहे. हे दोघे ५०६ मध्ये आग्द येथेही होते, म्हणजे अलारिकच्या दीर्घायुष्यासाठी गुडघे टेकणाऱ्यांत होते. पाच वर्षांत त्यांचा पंथ बदलला नव्हता, राजा बदलला होता. अलारिक व्हुयेला जिंकला असता तर हीच मंडळी पुन्हा त्याच्या परवानगीने जमली असती. पुढची परिषद तुलूजला भरवण्याचे घाटतही होते. राज्य फुटले नाही याचे एक कारण म्हणजे क्लोव्हिसने मरण्यापूर्वी कोलोनच्या सिगिबर्टपासून राग्नाकारपर्यंत आपल्याच रक्ताचे सगळे प्रतिस्पर्धी राजे संपवले होते, म्हणून वाटणी झाली ती एकाच घराण्यात झाली. आग्द आणि ऑर्लेआँ येथील त्याच बिशपांच्या सह्यांचा उलगडा पंथाच्या आधारे कसा होतो, हे दूरदेशी यांनी आधी सांगावे, म्हणजे त्यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळता येईल.